मानशीचे दार

रात्री साडेनवाला फोन:
सगुणबाब, येता का जरा?
उपेंद्र चोडणकर गेले, दिल्लीत, पाच वाजता.
पहिलं पान तुमच्या नजरेखालून जाऊ दे.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.
लाल पेन मात्र खिशात असतं अजून,
माड सोडलेल्या रेंदेराच्या कमरेला काती असावी तसं.

प्रूफ काढून दिलं मुलीनं.
आठ कॉलम, मधोमध फोटो, शाल.
'माजी केंद्रीय राज्यमंत्री, तीन वेळा खासदार,
कुशल संघटक, अजातशत्रू.'
अजातशत्रू!
ज्यानं खनिजाच्या बार्जेसचे नंबर छापले
म्हणून आमच्या छापखान्याच्या दारात
रातोरात ट्रकभर लाल चिखल ओतला गेला,
तो.

आणि खाली एक ओळ:
'सुरुवातीला काही वर्षे वृत्तपत्रात नोकरी.'

काही वर्षे.
सतरा.
सायकल फेरीबोटीत घालून तो रायबंदरला उतरायचा.
बातमी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला,
ऱ्हस्वदीर्घाशी जन्माचं वैर.
"मजकूर खरा आहे ना? मग वेलांटी तू बघ."
मी बघत गेलो.

गावची मानस फुटली त्या रात्री
तो मांडीभर खाऱ्या पाण्यात उभा राहिला.
'कोरगुटाच्या कणसांवरून कुर्ल्या चालत होत्या.'
हे वाक्य त्याचं.
मी फक्त एक अनुस्वार हलवला.

मग लोक बातमीऐवजी गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले.
गाऱ्हाण्याला कॉलम पुरत नाही रे, म्हणाला,
आणि चवथीच्या आधी राजीनामा दिला.
खणात मला सापडलं:
अर्धा उंडो, दगडासारखा. दोन रिफिली.
एक न दिलेली बातमी, चार पानी.
ज्या माणसावर होती
त्याच्याच मांडवात त्यानं पहिलं भाषण केलं.
ती पानं माझ्याकडे आहेत.
त्यांतल्या वेलांट्या मी अजून बघितलेल्या नाहीत.

लोकसभेत पहिल्यांदा उठला तो मानशीवरच बोलला, मराठीत.
दुभाष्यानं हिंदी केलं: चोडण का मन टूट गया है.
दोघातिघांनी बाकं वाजवली म्हणे, हळुवार.
ट्रंककॉलवर हे सांगताना इतका हसला
की तीन मिनिटं त्यातच संपली.

पुढे दिव्याची गाडी फेरीत सगळ्यांआधी चढू लागली.
रिकाम्या पाटल्या घेतलेल्या बायका कठड्याला सरकायच्या.
एकदा त्यानं काच खाली केली.
काहीतरी बोलणार, असं मला वाटलं.
मी कठड्याशीच होतो.

राज्यमंत्री झाल्यावर, दुसऱ्या कुणा खासदाराचा
खाजनांच्या बांधांविषयी लेखी प्रश्न.
उत्तर त्याच्या सहीचं, आमच्याकडेच छापायला आलं:
'माहिती गोळा करण्यात येत आहे.'
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मुलगी म्हणाली, सर, मथळा बघा ना,
सभागृहातलं त्यांचं वाक्य मिळालंय,
'माझ्या गावाच्या मनाचे दार फुटले आहे.'
किती छान ना?
मी 'मनाचे' कापलं, वर 'मानशीचे' लिहिलं.
प्रिंटमिस्टेक?
नाही गो. मानस म्हणजे बांधातलं दार.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
लाकूड कुजलं की शेत खारं होतं,
आणि वरून बघणाऱ्याला बरेच दिवस कळत नाही.
तिनं टाइप केलं. 'काही'च्या जागी 'सतरा' केलं.

'अजातशत्रू'पाशी मी बराच वेळ बसलो.
कापला नाही.
समासात नुसतं प्रश्नचिन्ह केलं
आणि पावणेबाराला पान सोडलं.

सकाळी पोदेराच्या भोंप्याबरोबर पेपर आला.
छापलं होतं: 'अजातशत्रू?'
चिन्हासकट.

दिवसभर कुणाचाही फोन आला नाही.
त्याचा आला असता.